बस्त्यावनं न केलेली सही

बस्त्याव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी निर्मळला वाडीत केळीला पाणी सोडत होतो. तसाच सायकलवर पापडीला गेलो. त्याची बायको मेरीवहिनी म्हणाली, "झोपेतच गेला... निदान शेवटी तरी त्याला झोप लागली."

सांताक्रूझला विमान कंपनीच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये आम्ही दोघं एकत्र लागलो. कंपनीची पहिली जेट विमानं तेव्हा नवी होती. पाहता पाहता ती म्हातारी झाली. दर उड्डाणात विमानाचं अंग हवेनं फुगतं, उतरल्यावर आकसतं, आणि असं हजारो वेळा झालं की पत्रा थकतो. आम्ही ठिगळं लावत त्यांचं आयुष्य वाढवत राहिलो. सत्तरचं दशक संपताना त्यातलं एकच उरलं. त्याच्या डागडुजीसाठी काही हंगामी माणसं घेतली होती, त्यांत बस्त्यावचा मेव्हणा, मेरीवहिनीचा भाऊ इनास होता. बस्त्यावनंच त्याला चिकटवलं होतं.

एका तपासणीत बस्त्यावला दाराच्या चौकटीखाली तडा दिसला. त्यानं मला बोलावून दाखवला. वरिष्ठांचं म्हणणं, एवढा हंगाम जाऊ दे, मग पाहू. विमान उडायला ठीक आहे या कागदावर बस्त्यावनं सही केली नाही. एवढ्या जुन्या विमानावर मोठा खर्च कशाला, म्हणून कंपनीनं ते मोडीत काढलं आणि हंगामी माणसांना घरी पाठवलं. इनासनं घरात कुरकुर केली नाही. तो आखातात बांधकामावर गेला आणि वर्षाच्या आत परांची कोसळून मेला.

इनासच्या दफनाच्या संध्याकाळी बस्त्याव मला म्हणाला, "मी सही केली असती तर इनास आज जेवायला असता." मी विमानातल्या माणसांची आठवण करून दिली. तो म्हणाला, "ते कळतं रे... पण त्यांतलं कुणीच माझ्या घरी जेवायला येत नव्हतं." ते वाक्य आजही मनाला लागून राहिलंय.

इनासची आई, म्हणजे बस्त्यावची सासू, आमच्या निर्मळलाच एकटी राहते. बस्त्याव दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तिच्याकडे यायचा, विहिरीचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. एकदा धीर करून त्यानं तिला सही न केल्याचं सगळं सांगितलं. म्हातारीनं एवढंच विचारलं की त्या विमानात माणसं किती बसायची. शंभरावर, तो म्हणाला. ती चहा ठेवायला आत गेली. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला शेवटपर्यंत लागला नाही.

त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी तिच्याकडे गेलो. ओटीवर एक रिकामी खुर्ची मांडलेली होती. मी बसू की नको असा घुटमळलो, तर ती म्हणाली, "बस तू. दर रविवारी त्याच्यासाठी मांडायची मी, आणि तो आपला खाली पायरीवर बसायचा." मग वाडीकडे बघत ती म्हणाली, "एकदा तरी वर बसला असता..."