मेश्रामदादांनी गाडी काहून बदलली

रोज एकाच गाडीतून ड्यूटीवर जाणाऱ्या माणसांकडं किश्श्यांचा तोटा नसतो. आमच्या नंदनवन वस्तीतून निघालं की कोराडीचं पॉवर स्टेशन येईपर्यंत करायचं तरी काय? गाडी मेश्रामदादांची, मागच्या सीटवर ठवकर आणि मी. तिघंही तिथंच कामाला. दादा कंट्रोल रूममध्ये, ठवकर स्विचयार्डात, मी कोळसा तपासायच्या लॅबमध्ये.

दादांच्या बाजूला त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी बसायच्या. वाटेतल्या शाळेत मास्तरीण होत्या, उतरेपर्यंत अखंड बोलायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कुजबुजीएवढा उरला. शाळेतली नोकरी सुटली. डॉक्टरांनी बजावलं, बोलत राहा, नाहीतर आहे तेवढाही जाईल.

तपासणीच्या दिवशी वाटेवरच्या सदर भागातल्या दवाखान्यापर्यंत त्या आमच्यासोबत यायच्या. जुन्या डिझेल गाडीचा खडखडाट एवढा, की वहिनी काही म्हणाल्या की दादा विचारायचे, "काय?" पुन्हा म्हणाल्या की पुन्हा "काय?" मग वहिनी हात हलवून राहू द्या म्हणायच्या. हळूहळू घरीही तेच झालं. "आता घरात नुसता टीव्ही बोलून राहिला, शुभा," दादा एकदा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच महिन्यात दादांनी डिझेल गाडी विकली आणि इलेक्ट्रिक आणली.

*

पहिल्या दिवशी ठवकर ऐटीत बसले, दार लावलं, वाट पाहिली.

"दादा, चालू करा न."

"चालू आहे."

"मग काढा न."

ठवकरांनी खिडकीबाहेर पाहिलं तर नंदनवनचा चौक मागं गेला होता.

*

एकदा रस्त्यात पाणी साचलं होतं. ठवकर गमबूट घालून आले, हातात रबरी हातमोजे. हा माणूस जन्मभर हाय व्होल्टेजच्या तारांखाली डबा खात आलेला.

"काहून गा?" दादांनी विचारलं.

"यार्डात करंट कुठं आहे ते मले माहीत आहे. इथं तर म्हणते सीटखाली आहे!"

"डिझेलच्या टाकीवर इतके वर्षं बसला, तेव्हा नाही भेला?"

ठवकरांनी मोजे खिशात घातले. बूट मात्र कोराडीपर्यंत पायात होते.

*

मग मी एकदा चालवायला घेतली. सवयीनं डाव्या पायानं क्लच दाबायला गेले, आणि तिथं क्लच नाहीच, पाय बसला ब्रेकवर. ठवकरांचा डबा उघडला अन् आलूची भाजी दादांच्या कॉलरवर. मला वाटलं आता बोलणी बसणार.

दादांनी कॉलर पुसली. "डाव्या पायाले सुट्टी दे पोरी. त्याचं काम संपलं."

बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत क्लच-गिअर करत गाडी चालवायची मला भीती वाटायची. आता दादांची ही गाडी घेऊन मी जाते, एकटी.

*

ठवकर काही सोडतात थोडेच? "दादा, धूर नाही म्हणता, पण करंट कोण बनवते? कोळसा तर आपणच जाळून राहिलो."

रोज तोच कोळसा तपासणारी मी, मला हसता येईना. बरोबरच होतं त्यांचं.

दादांनी सिग्नलला गाडी थांबवली. आमच्या बाजूला स्कूटरवर एक लहान पोरगी उभी होती, पुढच्या टेम्पोचा धूर तिच्या तोंडावर.

"पॉवर स्टेशनची चिमणी वर आभाळात आहे. तिचंही पाहा लागन, घरावर सोलार टाकून राहिलो मी," दादा म्हणाले. "पण आपल्या गाडीची धुराची नळी या पोरीच्या नाकासमोर होती गा. पहिले थे काढली."



*

गाडी काहून बदलली, हे दादांना सगळ्यांनीच विचारून पाहिलं. शेजाऱ्याला म्हणाले, मे महिन्यात गाडी उभी ठेवून एसीत बसता येते, इंजिन जाळा लागत नाही. साळ्याला म्हणाले, ऑइल नाही, फिल्टर नाही, डोक्याची कटकट गेली. मला म्हणाले, पंपावरच्या लायनीचा कंटाळा आला होता. सगळी कारणं खरीच होती म्हणा.

*

तपासणीचा दिवस आला. वहिनी पुढं बसल्या, नेहमीसारख्या बाहेर पाहत. ठवकरांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. दादांनी न वळता सांगितलं, "बंद कर थे."

सदर जवळ आलं तेव्हा वहिनींचा आवाज आला, अगदी बारीक.

"मले न विचारता गाडी घेतली तुमी."

दादांनी "काय" म्हटलं नाही. "हो," म्हणाले.

"पांढरा रंग कोणी घेते का? कोराडीची राख बसन त्याच्यावर."

"हो."

मग वहिनी सुरूच झाल्या. रंग, राख, सीटचं कापड, दादांच्या बहिणीची पसंती, सगळं निघालं. मधेमधे थांबून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा बोलायच्या. मागं आम्ही दोघं हलत नव्हतो.

दवाखान्याचं गेट आलं आणि गेलं.

"दादा," ठवकर हळूच म्हणाले, "दवाखाना मागं राहिला."

"माहीत आहे," दादा म्हणाले, आणि गाडी सरळ पुढं नेत त्यांनी वहिनींना विचारलं, "मग कोणता रंग पाहिजे होता वं?"