आधी नाव, मग पाणी

वंदनाताई गेल्याचा मेसेज त्यांच्याच नंबरवरून आला. त्यांच्या मुलीनं टाकला होता. "आई आज पहाटे गेली. हार्ट अटॅक." आणि त्याच्या बरोब्बर वर आदल्या संध्याकाळचा ताईंचा मेसेज, "उद्या आराम कर, मला जरा ॲसिडिटी वाटतेय. पुढच्या रविवारी जांभूळ गावाला जायचं पक्कं." मी ते दोन मेसेज किती वेळ नुसते वरखाली करत बसले होते...

तुम्हाला ताई माहीत असायचं काही कारण नाही. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहायच्या, अंबरनाथला आमच्या कंपनीत डिस्पॅच बघायच्या, पन्नाशी ओलांडलेली, आणि रविवारी रेसिंग सायकलवर बसल्या की आम्हा पोरींना मागे टाकायच्या. त्यांच्यामुळे मी या शहरात टिकले, म्हणून लिहितेय.

सांगलीहून इथे आले तेव्हा टेम्पोत आधी सायकल चढवली होती, कपडे नंतर. खोली अंबरनाथलाच मोरिवलीजवळ घेतली आणि पहिल्याच रविवारी नकाशाचं ॲप उघडून निघाले. ॲपनं मला थेट डंपरच्या रांगेत नेऊन सोडलं. पुढच्या वेळी कंपन्यांच्या मागच्या रस्त्यावर, जिथे वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानंतर एकदा मात्र रस्ता कसला भारी मिळाला! गुळगुळीत, दोन्हीकडे झाडं, लांबवर डोंगर. फक्त मैलोन्‌मैल कुठे बाथरूम नाही. परत येईपर्यंत माझी जी काय हालत झाली ती बायकांना सांगायला नको. सोमवारी कँटीनमध्ये मी मैत्रिणीला तावातावानं सांगत होते की बास, सायकल विकते आणि सांगलीला परत जाते, तर मागच्या टेबलावरून आवाज आला, "विकू नको गं. तू रस्ता बघून जातेस ना, म्हणून फसतेस. घर बघून जायचं."

ही ताईंची पद्धत. नवा रूट म्हणजे आधी त्या गावात एक घर जोडायचं. पाणी मागायचं, चार गप्पा मारायच्या, आणि मग हळूच, "काकू, जरा आत बाथरूमला जाऊ का?" असं वाटेतल्या प्रत्येक गावात एकेक घर झालं की तो रूट आपला. मी म्हटलं, "ताई, आपण सायकलिंग करतोय की इलेक्शनला उभ्या आहोत?" त्या कॅम्प एकच्या सिंधी स्टाईलमध्ये म्हणाल्या, "साईं, टेन्शन मत ले, पॅडल मार."

पण यातली खरी गोष्ट माझ्या लक्षात जरा उशिरा आली. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ताई तो लगेच घ्यायच्याच नाहीत. आधी म्हणायच्या, "मी वंदना गायकवाड. उल्हासनगरची. आम्ही बौद्ध." आणि मग हात पुढे. प्रत्येक नव्या घरात असंच. मला पहिल्यांदा इतकं ऑकवर्ड झालं ना! मी बाहेर आल्यावर म्हटलं, "ताई, हल्ली कोण विचारतं हे?"

"विचारत नाहीत गं. गायकवाड ऐकून मनातच मराठा ठरवून टाकतात. मग कधीतरी कळतं आणि पुढच्या रविवारी दाराला कडी. एवढ्या उन्हात पॅडल मारून यायचं आणि कडी बघायची? त्यापेक्षा पहिल्या दिवशीच कळू दे." मग हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, "माझ्या आजीला लांबून ओंजळीत ओतायचे. मी इम्पोर्टेड सायकलवरून येते. थोडा तरी फरक पडला पाहिजे की नको?" आणि स्वतःच हसल्या. मला हसू येईना. मला माझं आडनाव आधी सांगून पाणी प्यायची वेळ आयुष्यात कधी आलीच नव्हती, आणि हे मला त्या दिवसापर्यंत कळलंही नव्हतं.

एका गावात नाव ऐकल्यावर घरातली बाई तांब्या घेऊन आत गेली आणि प्लास्टिकचा ग्लास घेऊन आली. ताई शांतपणे पाणी प्यायल्या, थँक्यू म्हणाल्या, आणि आम्ही तो रूट सोडला. काय रस्ता होता पण! मी नंतर कितीदा म्हटलं, तिथे न थांबता जाऊ ना. त्या म्हणायच्या, "तू जा की. खरंच जा, मला राग नाही." मी नाही गेले.

आणि मग जांभूळच्या पुढच्या वाडीतल्या मावशी. शेतीवाडीचं घर, मुलं-सुना कामाला शहरात, मावशी दिवसभर एकट्या. ताईंनी नाव सांगितलं तेव्हा मावशींनी पुढे केलेला तांब्या मागे घेतला. मला वाटलं, झालं, हाही रूट गेला. तर म्हणाल्या, "बरं. मंग आत ये ना. उनात काय उभी रहतेस?" आणि ओटीवर नाही, माजघरात नाही, सरळ चुलीपाशी नेलं. तिथे एक लाकडी खांब आहे. ताई त्याला पाठ टेकून बसल्या, पाय पसरून, सायकलचे बूट काढून. त्यानंतर दर खेपेला तिथेच. मावशी भाकऱ्या थापणार, ताई त्यांना सुनेबद्दल टोमणे मारायला आणखी विषय पुरवणार, आणि मी हसून हसून पडणार.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्या घरी गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ताईंचा पांढऱ्या साडीतला फोटो ठेवला होता, आणि खरं सांगते, मला त्या पटकन ओळखूच आल्या नाहीत. मी त्यांना कायम घामाघूम बघितलेलं. त्यांची मुलगी म्हणाली, "त्या जांभूळच्या मावशींना कुणी सांगितलं का? त्यांच्याकडे फोन नाही ना." मी म्हटलं, मी सांगते.

म्हटलं खरं, पण जाववेना. रविवार यायचा आणि मी सायकलकडे पाठ करून झोपायचे. एक तर वाटेतल्या प्रत्येक घरात तेच सांगावं लागणार. आणि दुसरं म्हणजे ती घरं ताईंनी जोडलेली, ताईंच्या हिमतीवर. त्या नसताना मी कोण तिथली? मावशींनी दारातच ऐकून घेतलं आणि बरं बाई म्हटलं, तर? मग माझ्याकडे या शहरात काय उरतं, परत ते ॲपच...

गेल्या रविवारी गेले शेवटी. मावशी अंगणातच होत्या. "आज एकटीच गो? वंदी कुठंय?" मी सांगितलं. मावशी हातातलं सूप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं, म्हणाल्या, "माझ्याहून किती लहान होती..." आणि वळून आत गेल्या. मला कळेना, थांबू की जाऊ. तेवढ्यात आतून आवाज, "आत ये ना! तुला काय आवतन देऊ?"

खांबापाशी कुणी बसलं नव्हतं. मी लांब बसायला लागले तर मावशींनी नुसतं हातानं दाखवलं, तिथे टेक. पाण्याचा तांब्या दिला.  चूल धुमसत होती.

शेजारची एक बाई विरजण मागायला आली. मला बघून म्हणाली, "ही कोन गो पोर?"

मावशींनी चुलीत लाकूड सरकवलं. "आपल्या गायकवाडबाईंची."

त्या बाईनं माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या तांब्याकडे नीट बघितलं. "म्हंजी... त्यांच्यातली?"

माझं आडनाव अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, तांब्या खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं.

"हो," म्हटलं, "त्यांचीच."

मावशींनी वळून पाहिलं नाही. फक्त हात लांब करून तो तांब्या माझ्याकडे थोडा सरकवला. मी पाणी प्यायले.