शनिवारी पाचपर्यंतची जागा

माझे वडील चिमाजी, म्हणजे आमचे अण्णा, येवल्यात पैठणी विणायचे आणि विणता विणता स्वप्नं बघायचे. एखाद्या बाईला साडीचा शब्द दिला, की ती साडी तिची. ती दसऱ्याला येवो नाहीतर दोन वर्षांनी, दुसऱ्या गिऱ्हाइकाला अण्णा त्या साडीची घडीसुद्धा उलगडून दाखवत नसत. लोक त्यांना खुळा म्हणत. मलाही कधीकधी तसंच वाटे.

१९८० साली मला बारावीला सदुसष्ट टक्के पडले. नाशिकहून, गंगापूर रोडच्या कॉलेजातून पत्र आलं. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे साठच्या वर गुण असलेल्यांना त्या वर्षी बी.एस्सी.ला प्रवेश नक्की होता. मी पत्र मागाजवळ बसून मोठ्यानं वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की अर्ज आणि मूळ गुणपत्रिका पालकांसोबत येऊन अठ्ठावीस जूनला, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत द्यावी.

"नक्की म्हणलंय ना? मग जागा तुझी झाली," अण्णा म्हणाले. "तारीख ज्यांचं नक्की नाय त्यांच्यासाठी आसती, झुंबर."

तेव्हा मागावरच्या पदराचा मोर अर्धा झाला होता. अर्ध्या पदरावरून उठलं की हात बदलतो आणि वीण बिघडते, असं अण्णा मानत. मोर झाला की निघू, असं ठरलं.

ते दिवस मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखे आठवतात. खिडकीतून ऊन मागावर उतरायचं, रेशमाचे बारीक तंतू हवेत तरंगायचे आणि अण्णा मला कॉलेजात नेऊन बसवायचे. "आता तू दुसऱ्या बाकावर बसलीस बघ. खिडकीशेजारी. भाईर लय मोठं झाड हाय." मला झाड दिसायचं. काचेच्या नळीत निळं पाणी चढताना दिसायचं. खरं सांगते, अर्ज मी केव्हाच भरून ठेवला होता आणि तारीख मला पाठ होती. पण त्या बाकावरून उठावंसंच वाटत नव्हतं.

मोर रविवारी पुरा झाला. सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही नाशिकला गेलो.

प्रवेशाच्या खिडकीवर मालनबाई नावाच्या कारकून होत्या. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, मग कॅलेंडर पाहिलं.

"काका, शनिवारी पाचपर्यंत ही जागा हिचीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "हमी होती, पण मुदतीतल्या अर्जाला. आता उरलेल्या जागांच्या यादीत नाव घालते."

"पण नक्की म्हणलं होतं की," अण्णा म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. दिलेला शब्द दोन दिवसांत कसा संपतो, हे त्यांनी मला परतीच्या एसटीत तीनदा विचारलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

त्या वर्षी जागा उरली नाही. पुढच्या वर्षी हमी फक्त नव्यानं पास झालेल्यांना होती, म्हणून मी सर्वसाधारण यादीत. अर्ज घ्यायच्या पहिल्याच दिवशी कॉलेजचं फाटक उघडायच्या आधी आम्ही तिथं हजर होतो. यादी लागली, तेव्हा माझं नाव शेवटून चौथं होतं.

मालनबाईंनी आम्हाला ओळखलं. "झालं काका, मिळाला प्रवेश. आता निश्चिंत जा."

अण्णा हलले नाहीत. मागे रांग खोळंबली, कुणीतरी ओरडलं. अण्णांनी खिशातून चार घड्या घातलेला कोरा कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"ताई, तेवढं लिहून द्या," ते म्हणाले. "कोणत्या तारखेपत्तोर जागा तिची हाय, ते बी लिवा."

मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.