इडली म्हणजे जेवण नव्हे

भूल देण्याआधी पेशंटला काय विचारायचं, याचा आमच्याकडे छापील तमिळ कागद आहे. शेवटचं जेवण कधी, टिफिन म्हणजे मधलं हलकं खाणं कधी, दूध कधी, पाणी कधी. मी कुंभकोणम्‌मधल्या एका रुग्णालयात भूलतंत्र शिकते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून असा कागद मला फार जपून भरावासा वाटतो.

त्या सकाळी इन्नंबूरच्या एक आजी आल्या. मूत्रपिंडं निकामी, डायलिसिस चालू, त्यात पडून मांडीचं हाड मोडलेलं. कण्हताना त्यांच्या तोंडून मराठी आलं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरातलं, जुन्या वळणाचं. मला इतकं बरं वाटलं की कागद बाजूला ठेवून मी विचारलं, "आजी, जेवलां कधी?"

"काल मध्यान्हीं जेवलें, बाळे. त्यावर जेवण नाहीं."

मी लिहिलं: काल दुपारपासून उपाशी.

भूलतज्ज्ञ बाईंनी ते वाचलं, तरी सोनोग्राफीचा प्रोब आजींच्या पोटावर ठेवला. मूत्रपिंडं थकली की जठरही रेंगाळतं, म्हणून अशा पेशंटचं पोट त्या हल्ली बघूनच घेतात. पडद्यावर जठर चपटं दिसायला हवं होतं. ते फुगलेलं होतं, आत दाट, करडं काहीतरी. भूल दिल्यावर तेच घशाशी येऊन फुप्फुसात उतरलं असतं.

बाईंनी आजींना तमिळमध्ये विचारलं, "पाट्टी, रात्री टिफिन काय केलंत?"

"दोन इडल्या. दहा वाजता." मग माझ्याकडे वळून, जरा रागानेच, मराठीत म्हणाल्या, "तूं जेवणाचं विचारलेंस गे. भात नाहीं तर जेवण कसलें?"

मी ते बाईंना सांगितलं. "तुमच्या मराठीत इडलीला पोटात जागा लागत नाही वाटतं," त्या म्हणाल्या. सगळे हसले. बहुतेक मीही हसले.

ऑपरेशन पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी जठर रिकामं दिसलं, आणि आजी ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आल्या.

मला मात्र त्या हसण्यातच पापनाशम्‌चे एक आजोबा आठवले होते. तेही डायलिसिसवर, तेही घरी मराठी बोलणारे. तेव्हा आमच्याकडे हे यंत्र नव्हतं. ऑपरेशननंतर त्यांना ताप आला, फुप्फुसं भरली, ते व्हेंटिलेटरवरून उतरलेच नाहीत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. खरंही असेल. पण त्यांनाही मी तसंच विचारलं होतं. मी त्यांचा कागद काढून पाहिला. जेवणापुढे माझं अक्षर आहे. टिफिनची ओळ कोरी आहे.

त्यांची सून पापनाशम्‌ स्टेशनजवळ ब्लाउज शिवते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मामंजींनी काय खाल्लं, एवढंच तिला विचारायचं आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला गिऱ्हाईक समजून टेप काढली आणि माझं माप घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "माप तेंच ना, अक्का?"

मी हो म्हटलं आणि कापड पुढे केलं.