वालूरचं बंद दार

सेलूला रेल्वेतून उतरले तेव्हा डोक्यात फक्त पाखरं होती. गळ्यात दुर्बीण आणि कानात शोभाचं फोनवरचं बोलणं: "पळस फुललाय, पंचशीला. ये पाखरं बघायला. काय दाखवणार ते मात्र आत्ता सांगत नाही." आम्ही दोघींनी नांदेडला एकाच शाळेत शिकवलं, एकमेकींचे डबे खाल्ले. निवृत्त झाल्यावर ती वालूरला सासरी राहायला गेली. तिचं सासर पाटलांचं, आम्ही बौद्ध. इतक्या वर्षांत मी त्या घरी गेले नव्हते, आणि का गेले नव्हते हे आम्ही दोघीही कधी बोललो नव्हतो.

वालूरच्या वाटेवर एका काटेसावरीवर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा नुसता कलकलाट करत होता. जीपवाल्याला म्हटलं, "दादा, जरा थांबा ना, पाखरं बघायचीत."

"ह्यांला काय बघायचं बाई? ज्वारी खाऊन लय माजल्यात," तो म्हणाला, पण थांबला. बाकीच्या सवाऱ्या कुरकुरल्या. मी दुर्लक्ष केलं.

शोभा घ्यायला आली होती. घर चांगलं ऐसपैस, पुढे अंगण, दाराला दगडी पायऱ्या. दारावर दसऱ्याचं वाळकं तोरण तसंच लोंबत होतं, त्यात कसलासा कचराही अडकलेला. पाडवा तोंडावर आला तरी यांना तोरण काढायला सवड नाही! मी पायऱ्यांकडे वळले, तर शोभानं माझा दंडच धरला.

"तिकडून नको गं. मागून ये."

गोठ्याला वळसा घालून तिनं मला मागच्या दारानं आत नेलं. मनात म्हटलं, आलं का लक्षात, पंचशीलाबाई?

शोभाच्या सासूबाई मागच्या ओसरीवर बसल्या होत्या. "बस माय, दमली असशील," म्हणाल्या. चहा आला. घरच्यांना स्टीलचे पेले, मला कपबशी. माझ्या आईनं वेगळ्या कपाच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात की माझं डोकंच सटकलं. पाहुण्यांना कपबशी द्यायची पद्धत असते हे मलाही ठाऊक आहे, पण त्या घटकेला ते आठवायची माझी तयारी नव्हती. चहा मात्र फक्कड होता, मेला.

संध्याकाळी परसात खुर्ची टाकून बसले. शेवगा फुलला होता. बुलबुलांची जोडी भांडत होती, कुठूनतरी तांबटाचं टुक-टुक चाललेलं. एक शिंजीर (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी), जांभळा-काळा चकचकीत नर, शेवग्यावरून उठून पुन्हा पुन्हा घराच्या पुढच्या अंगाला जात होता. मी दुर्बीण घेऊन त्याच्यामागे निघाले.

"तिकडं नको," शोभा आडवी आली. "उद्या सकाळी."

उद्या कशाला? आज पाटलांच्या अंगणात कोण येणार होतं, ज्याला मी दिसायला नको?

जेवायला सगळ्यांनी मला आपल्याच पंगतीत घेतलं. टाळकी भाकरी (ज्वारीची) आणि शेवग्याच्या शेंगा. मी मनात म्हटलं, हे नुसतं दाखवायला. आणि हात धुवायला उठले तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा दबका आवाज आला, "तिला म्होरल्या दाराकडं जाऊ दिऊ नगंस, शोभा. आत्ताच सांगून ठिवते."

झालं. आता शंकेला जागाच उरली नाही.

उजाडताच मी पिशवी भरली. पहिल्या जीपनं परत जायचं, आणि जायचं ते पुढच्या दारानंच, ताठ मानेनं. माजघर ओलांडून मी पुढच्या दाराच्या आगळीला (आतल्या अडसराला) हात घातला.

"हात लावू नगंस!" सासूबाई मागून ओरडल्या.

"का? बाटेल का दार?" मीही ओरडले.

शोभा धावत आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पांढरी पडली. तिनं मला शेजारच्या खिडकीशी नेलं. गजांतून दाराची बाहेरची बाजू दिसत होती. तोरणाचं एक टोक सुटून कडीत अडकलं होतं, आणि मला कचरा वाटलेलं ते शिंजिराचं घरटं होतं, तोरणाला लोंबणारं आणि कडीलाही कोळ्याच्या जाळ्यांनी चिकटवलेलं. भोकातून मादीची बाकदार चोच बाहेर आली होती. दार ओढलं असतं तर घरटं फाटलं असतं.

"हेच तुला सकाळच्या उन्हात दाखवायचं होतं," शोभा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू मला असं समजलीस?"

सासूबाई मधेच बोलल्या, "तिला कशाला रागं भरतीस? तिचं काय चुकलं? माज्या सासूनं हिच्या माणसांला मागल्या दारालाबी उभं केलं न्हाई. मी बघत हुते, गप बसले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कालच सांगायला पायजे हुतं, माय. सोताला इचारलंबी न्हाई, की तुला काय वाटंल."

मी पिशवी खाली ठेवली आणि खिडकीशी बसले. शोभानं चहा आणला, दोघींनाही पेल्यात. माझं संशयी मन तेव्हाही कुजबुजलं, हे सारं मला बरं वाटावं म्हणून तर नाही? दुसऱ्या दिवशी नांदेडला परतले तरी ती कुजबुज पुरती थांबली नव्हती.

पाडव्याला शोभाचा फोटो आला. पुढचं दार बंदच, त्यावर ते वाळकं तोरण. गुढी मागच्या दाराशी, गोठ्याला लागून उभारलेली, आंब्याचं ताजं तोरणही तिथंच. सासूबाई हात जोडून उभ्या.

यंदा त्यांच्या घरात पाडवाही माझ्याच दारानं आला.