हंसाबाईंचा बिनवायरचा स्क्रूड्रायव्हर

मीरा रोडला राहायला आल्यापासून हंसाबाईंच्या घरात काही ठोकायचं, बसवायचं असलं की खालच्या हार्डवेअरवाल्याकडून माणूस बोलवायचा, असा रिवाज होता. पण तो माणूस दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. शेवटी हंसाबाईंच्या मुलानं, कौस्तुभनं, ऑनलाइन एक मशीन मागवलं आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्याचं खोकं उघडलं. हंसाबाई तिथंच मटार सोलत बसल्या होत्या.

"हे काय रे? पिस्तूल?"

"इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे आई. स्क्रू पिळायचं मशीन. बिनवायरचं."

हंसाबाईंनी मटारची परात बाजूला सारली. पदराला हात पुसले आणि मशीन उचललं. वजन मुठीत नीट बसलं, तर्जनी आपोआप घोड्यावर गेली. कौस्तुभ आईकडे बघतच राहिला.

त्याचं तरी काय चुकलं? आई फॅक्टरीत होती हे त्याला माहीत होतं, पण ती तिथं नेमकं काय करायची हे त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन हंसाबाई गिरगावातून भाईंदरला आल्या, तेव्हा पूर्वेला रेल्वेच्या फाटकापलीकडे ट्रान्झिस्टर रेडिओची एक फॅक्टरी होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका. हंसाबाईंच्या वाट्याला रेडिओची पाठ आली होती. मागचं झाकण लावायचं, स्क्रू पिळायचे, रेडिओ पुढे सरकवायचा. सुरुवातीला हातानंच पिळायचे. पहिल्या आठवड्यात तळव्याला फोड आले, तेव्हा शेजारच्या बाईनं स्वतःच्या रुमालाची चिंधी फाडून त्यांच्या तळव्याला बांधली होती.

ती बाई म्हणजे कृष्णाबाई. उत्तनकडच्या चौक गावची कोळीण. पहाटे पाणी भरून, घरच्यांची भाकरी थापून, बस पकडून यायची. तिचं काम हंसाबाईंच्या आधीचं. भोकात स्क्रू ठेवायचे, बोटांनी एक पीळ द्यायचा. पुढं हंसाबाईंच्या डोक्यावर स्प्रिंगला टांगलेलं विजेचं मशीन आलं. खाली ओढायचं, दाबायचं, स्क्रू बसला की ते टक् करून आपलं आपण थांबायचं. टेबलाच्या टोकाला प्रत्येक रेडिओ लावून बघत, आणि दिवसभर तिकडून अर्धवट गाणी, अर्धवट बातम्या, मधेच खरखर ऐकू येत राहायची. त्या खरखरीतच दोघींचं बोलणं चालायचं. सासवा, पोरं, नवरे, समुद्र. दुपारी डब्यांची अदलाबदल. हंसाबाईंनी सुकटीची चटणी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली ती तिथं, तांदळाच्या भाकरीबरोबर.

मग एका सोमवारी फॅक्टरीच्या फाटकाला कुलूप दिसलं. बायका दुपारपर्यंत रस्त्यावर उभ्या होत्या. कृष्णाबाई त्या दिवशी आली नव्हती, तिच्या घरी कोणी आजारी होतं. फोन कुणाकडे होता तेव्हा? आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता हंसाबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, कौस्तुभची शाळा सुरू झाली, जागा बदलली. वर्षं निघून गेली.

"आई, थांब, असं नको," कौस्तुभ म्हणाला. "आधी बॅटरी. हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करायची, मग खालून सरकवायची." बॅटरी टक् करून बसली. "हे बटण मधोमध असलं की मशीन लॉक. बिट, म्हणजे हे पुढचं टोक, बदलताना ते कायम मधोमधच ठेवायचं. आता हे तोंडाचं कडं पुढं ओढ, बिट आत घाल, कडं सोड. ओढून बघ, निघतंय का?"

"नाही निघत."

"आता बटण या बाजूला केलं की स्क्रू आत जातो, त्या बाजूला केलं की बाहेर येतो. घोडा हळू दाब."

बाल्कनीत प्लायवूडचा एक तुकडा पडला होता. हंसाबाईंनी त्यावर स्क्रू धरला आणि जुन्या सवयीनं घोडा पूर्ण दाबला. स्क्रू सर्रकन आत गेला आणि मग मशीन एकदम टटटटट करत ओरडू लागलं. दचकून हंसाबाईंनी बोट आणखीच आवळलं. स्क्रूचं डोकं लाकडात रुतलं, प्लायला चीर गेली.

"अगं बाई! आमचं आपोआप थांबायचं रे."

"हे नाही थांबत. जोर लागला की आतली हातोडी मारायला लागते. डोकं लाकडाला टेकलं की बोट आपणच सोडायचं."

संध्याकाळपर्यंत त्या प्लायच्या तुकड्याची चाळण झाली. कौस्तुभ हसत होता. रात्री जेवताना हंसाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या शेजारी एक कृष्णाबाई बसायची."

बाजारात जागृती नावाची कोळीण बसते. तिच्याकडून हंसाबाई कित्येक वर्षं मासळी घेत होत्या. ती चौकहून येते हेही त्यांना ठाऊक होतं. तरी विचारायचं कधी सुचलं नव्हतं. त्या बुधवारी त्यांनी विचारलं.

"रेडिओवाली कृष्णाबाई?" जागृतीचा कोयता हातातच थांबला. "आमच्याच आळीत ऱ्हाते. हाय ना, मस्त हाय. गुडघं तेवढं दुखतान तिचं."

हंसाबाई घरी आल्या आणि कॉटवर बसून राहिल्या. इतकी वर्षं ती एका बसच्या अंतरावर होती.

शनिवारी त्यांनी मशीन पिशवीत घातलं. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दाखवायला. भाईंदर पश्चिमेहून बस पकडली, मोरवा गाव मागं पडलं, मिठागरांचं पाणी दिसलं, मग माड आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. उतरून विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं, पण उंबऱ्यावर तिरकं टेकलेलं, आणि ते वाऱ्यानं हलू नये म्हणून खाली एक धोंडा लावलेला. आत एक बाई कोळंबी सोलत बसली होती.

"कोन गो?"

"कृष्णाबाई, मी. झाकणवाली."

कृष्णाबाईंनी मान वर केली. मग कोळंबीचे हात तसेच पुढं करून त्यांनी हंसाबाईंचा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळवा पाहिला.

"फोड गेलं तुझं," त्या म्हणाल्या. दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

चहा झाला. मशीन निघालं. कृष्णाबाईंनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं. "आनी वायर कुटं हाय हिची?"

"नाहीच."

"मंग माजं दार कर."

खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या खाऊन टाकल्या होत्या. कृष्णाबाईंच्या नवऱ्यानं, जानूंनी, स्टीलच्या नव्या बिजागऱ्या न् स्क्रू आणून ठेवले होते, पण सुतार आज येतो, उद्या येतो करत पावसाळा उलटून गेला होता. हंसाबाई जरा घाबरल्या. हे काही प्लायवूड नव्हतं. पण कृष्णाबाई कामाला लागल्यासुद्धा. एका खिळ्यानं स्क्रूच्या खाचांमधला गंज उकरला, होडीच्या इंजिनाचं डिझेल थेंब थेंब सोडलं. दाराखाली लाकडाची पाचर ठोकली. एका वेळी एकच बिजागरी काढायची, म्हणजे दार लटकणार नाही, असं ठरलं.

हंसाबाईंनी बटण उलट्या बाजूला सरकवलं, बिट खाचेत घट्ट बसवलं, अंगाचा सगळा भार मशीनमागे टाकला आणि घोडा थोडा थोडा दाबला. टटटट. काही नाही. टटटट. मग कर्र आवाज आला, तांबडी भुकटी उडाली आणि स्क्रू फिरत फिरत बाहेर आला. "आला गो!" कृष्णाबाई ओरडल्या. एका स्क्रूचं डोकं तुटलं, तो लाकडातच राहिला. नव्या बिजागरीची भोकं सुदैवानं बाजूला पडत होती.

नवे स्क्रू साबणावर घासून कृष्णाबाई भोकात ठेवत, बोटांनी एक पीळ देत, आणि हंसाबाई मशीन लावत. डोकं टेकलं की बोट सुटत होतं. दोघींपैकी कुणालाही दुसरीला काही सांगावं लागत नव्हतं. वरच्या बिजागरीपाशी आल्यावर मात्र कृष्णाबाई स्क्रू हातात धरून थांबल्या.

"तुना एक सांगू? येवढी वर्सं मी नुस्ती ठेवलीत. ती मशीन मना कवाच कोनी दिली न्हाय."

हंसाबाईंनी बटण मधोमध केलं आणि मशीन कृष्णाबाईंच्या हातात दिलं. मग त्यांनी स्वतः स्क्रू घेतला, भोकात ठेवला, एक पीळ दिला. वयानं बोटं थोडी वाकली होती त्यांचीही, पहिला स्क्रू निसटून खाली पडला. दुसरा बसला, तसं त्यांनी मशीनचं बटण सरकवून दिलं. कृष्णाबाईंनी दोन्ही हातांनी मशीन धरलं, ओठ आवळले आणि घोडा दाबला. स्क्रू आत गेला. हातोडी वाजायला लागली तरी त्या दचकल्या नाहीत, डोकं टेकताच थांबल्या. उरलेले सगळे स्क्रू त्यांनीच बसवले. हंसाबाईंना एकही दिला नाही.

जानू किनाऱ्यावरून आले तेव्हा दार बंद होतं. बाहेरून त्यांचा आवाज आला, "कोन मेलाय का काय? दार लावलाय कशाला?" कृष्णाबाईंनी आतून कडी काढली. जानूंनी दार एका बोटानं ढकललं, परत ओढलं, परत ढकललं. मग कंबर वाकवून बिजागऱ्या पाहिल्या.

"कोनी केलं?"

"मी," कृष्णाबाई म्हणाल्या, आणि नंतर हंसाबाईंकडे मान करून, "हिनी धरलं."

कोळंबीचं कालवण आणि भात खाऊन दोघी बस थांब्यावर आल्या. ऊन उतरलं होतं. बस आली, तेव्हा कृष्णाबाई विचारत होत्या की टेबलाच्या टोकाला रेडिओ लावून बघणारी ती उंच मुलगी कुठं असते आता. हंसाबाईंना तिचं नाव आठवेना. स्वप्नाली की काय? कंडक्टरनं हाक मारली, हंसाबाईंनी हातानंच नको म्हटलं, आणि बस निघून गेली.

"स्वप्नाली न्हाय गो, ती दुसरी. ही दात पुडं असलेली."

"हां हां, थांब, सांगते."

पुढची बसही भरून निघून गेली, तरी त्या दोघी अजून त्या मुलीच्या नावापाशीच होत्या.