घाई हाय? मग दोन सवाल

"थांब. आधी सवाल." रिसीव्हर उचलला की खाला हॅलोऐवजी हे म्हणत.

मोबाइल नव्हते त्या काळात रोह्याचा पूल ओलांडून तुम्ही पलीकडच्या अष्टमी गावात गेला असाल, तर त्यांचा टेलिफोन बूथ पाहिला असेल. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांचे मुलगे आखातात होते आणि त्यांचे फोन इथेच येत. खाला आधी ओळख पटवत, मगच घरच्यांना हाक मारत. प्रत्येक घराचा सवाल वेगळा, आणि तो फक्त त्यांच्या डोक्यात. कोणी गडबड केली तर म्हणत, "घाई हाय? मग दोन सवाल."

मी पेणहून एका दैनिकाला बातम्या देत असे. रोह्याची खबर घ्यायला फोन केला की मलाही सवाल असे: "माझ्याकडे तुझं काय राहिलंय?" उत्तर: छत्री. ती मी बूथवर विसरलो होतो. मागितली तेव्हा त्यांनी दिली नाही. "नेलीस तर तुला ओळखू कशी?"

१९९४ साली प्लेगची घबराट पसरली तेव्हा रोह्यात लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. अशाच एका सकाळी मी बूथवर होतो. शेजारच्या सलमाबी मुलाच्या फोनची वाट पाहत बाकावर बसल्या होत्या. फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मुंबईहून डॉक्टर बोलतोय. सलमाबींचा इक्बाल दुबईहून परत आलाय. प्लेग आहे. इंजेक्शन आजच पाहिजे. आमचा माणूस रोहा स्टेशनवर येतोय, त्याच्याकडे सोनं द्या."

"इक्बालला दे."

खोकला ऐकू आला. मग, "अम्मी..."

"मी तुझी अम्मी नाय. घरच्या बोकडाचं नाव सांग."

सलमाबींनी एव्हाना बांगड्या उतरवल्या होत्या. "गो, बोकड काय विचारतेस? पोरगा मरतोय माझा!"

"मरतानाबी सांगेल. त्यानंच ठेवलंय नाव."

"राजा?" पलीकडून आलं.

"नाय."

"शेरू?"

सलमाबी खरं नाव सांगणार, तोच खालांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. डॉक्टर चिडला. "अहो बाई, पेशंट खोकतोय!"

"खोकू दे. झ्याक खोकतो." खालांनी फोन ठेवला.

"पोराला काय झालं तर तुझं तोंड बघणार नाय," सलमाबी म्हणाल्या आणि बांगड्या मांडीवर घेऊन रडत बसल्या. खालांनी दुबईला इक्बालच्या कंपनीत निरोप ठेवला. त्यानंतर त्या फोनशेजारून हलल्या नाहीत. पानसुद्धा लावलं नाही.

दुपारी फोन आला.

"थांब. आधी सवाल. बोकडाचं नाव?"

"कुठल्या, खाला? खाल्लेल्या का बांधलेल्या?"

खालांनी पुढचं काही न विचारता रिसीव्हर सलमाबींच्या हातात दिला. बांगड्या परत चढवायला साबण लागला.

मी बातमी पाठवली. बोकडाचं नाव दिलं नाही. खालांनी बजावलं होतं, "छापलंस तर मला नवा सवाल शोधायला लागंल." म्हणून इथेही देत नाही.

खाला गेल्याचं कळलं तेव्हा मी अष्टमीला गेलो. बूथला कुलूप होतं. त्यांच्या सुनेने आतून छत्री आणली आणि काहीही न विचारता माझ्या हातात दिली.